१९*१९*१९ आणि आपली मुक्तस्रोत वही

मुक्तस्रोत नोंदवहीची सॉफ्टवेअरं (नोट-टेकिंग अ‍ॅप म्हणा हवं तर, मला 'वही' हाच शब्द आवडतो) नव्या माणसाला आपलीशी का वाटत नाहीत, हा प्रश्न आमच्या जमातीत दर सहा महिन्यांनी उगवतो. उत्तरंही दर वेळी तीच. आयकॉन जुनाट दिसतात. डार्क थीम नीट नाही. चांगले स्क्रीनशॉट टाका, एखादा व्हिडिओ करा, एखादा गोंडस प्राणी मास्कॉट म्हणून घ्या. मग चार जण थीम बनवतात, एक जण लोगो बनवतो, त्याच्या रंगावरून भांडणं होतात आणि नवा माणूस होता तिथंच राहतो. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर, स्वतःलाच मेसेज पाठवत.

माझं म्हणणं जरा तिखट लागेल, पण सांगतो. दिसण्यावरून कुणी परत जात नाही. आपण त्या माणसाची वही कधी उघडून बघितलेलीच नाही, म्हणून तो परत जातो. आपल्या डोक्यातला 'नवखा' म्हणजे दुसरा प्रोग्रामर, ज्याला फक्त आपलं अ‍ॅप अजून माहीत नाही. त्याच्यासाठी आपण दार सजवतोय. बाकीच्यांना दार कुठंय तेच दिसत नाही.

आता कुणाची वही, ते सांगतो. आमचं मूळ घर इंदापूर तालुक्यात. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं भिगवण मागे टाकलं (मासे खाऊनच टाकायचं असतं) की डाव्या हाताला अधूनमधून उजनीचं पाणी चमकायला लागतं, त्या पट्ट्यात. तालुक्यात ऊस तर आहेच, शिवाय द्राक्षं आणि डाळिंबं. चुलतभावाची, म्हणजे दादाची, तीन एकर द्राक्षबाग आहे आणि तिची फवारणीची वही वहिनी लिहितात. कृषी सेवा केंद्रवाल्यानं नव्या वर्षाला दिलेली डायरी, पानांवर बोर्डोच्या मोरचुदाचे निळे डाग, मधल्या पानात औषधाच्या पुडीचा फाडून ठेवलेला तुकडा.

शहरात बसून ही वही म्हणजे घरखर्चाची डायरी वाटेल. तसं नाही. द्राक्ष युरोपला पाठवायचं तर प्लॉटची नोंदणी कृषी खात्याकडे करावी लागते. अपेडानं २००६ मध्ये 'ग्रेपनेट' सुरू केलं, तेव्हापासून प्लॉट, नमुना आणि प्रयोगशाळेचा निकाल हे सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. द्राक्षावर कुठलं औषध चालतं आणि काढणीआधी किती दिवस ते थांबवायचं (याला सगळे 'पीएचआय'च म्हणतात) याची यादी मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र काढतं. बागायतदार तिला नुसतं 'अ‍ॅनेक्शर फाइव्ह' म्हणतात. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांवरून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. असं काही झालं की पहिला प्रश्न एकच असतो: कधी काय मारलं, दाखवा. त्या वेळी हातात वही असते किंवा नसते. वर्षभराच्या मेहनतीचा भाव त्या उत्तरावर ठरू शकतो.

तर गेल्या ऑक्टोबर छाटणीला वहिनींनी ठरवलं, वही फोनवर आणायची. त्यांचा भाचा बारामतीला इंजिनिअरिंगला आहे, त्यानं एक अ‍ॅप सुचवलं. मुक्तस्रोत, फुकट, जाहिराती नाहीत, विदा आपल्याच फोनमध्ये. (नाव घेत नाही. अ‍ॅप चांगलं आहे आणि हा रोग एकट्या त्याचा नाही.) मी शेजारी बसून नुसतं बघत होतो, मुद्दाम तोंड मिटून.

पहिल्याच पडद्यावर प्रश्न: नवीन 'व्हॉल्ट' बनवायचा की जुना उघडायचा?

"भावजी, व्हॉल्ट म्हंजी तिजोरी का? मला तर नुसती फवारणी लिहायचीय."

तिजोरीनंतर फोल्डर, फोल्डरनंतर परवानगी, परवानगीनंतर एक स्वागताचं पान, त्यात मार्कडाउन कसं लिहायचं याची इंग्रजीत कवायत. वहिनींनी तेही पार केलं. एमएस-सीआयटी केलेलं आहे त्यांनी, घाबरणाऱ्यातल्या नाहीत. नवं पान उघडलं, तारीख घातली आणि ठिबकमधून सोडलेलं खत लिहिलं: १९*१९*१९, ३ किलो. खाली दुसरी ओळ: ०*५२*३४, २ किलो.

आणि पान 'बघायला' गेल्यावर काय दिसलं? १९१९१९, त्यातले मधले दोन आकडे तिरके. त्याला चिकटून त्याच ओळीत ०५२३४, मधले दोन पुन्हा तिरके.

ज्यांनी शेती पाहिली नाही त्यांच्यासाठी: विद्राव्य खतांची नावंच आकड्यांत असतात. नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण. दुकानात, बांधावर, बोलण्यात 'एकोणीस-एकोणीस-एकोणीस', 'झिरो-बावन्न-चौतीस', 'तेरा-झिरो-पंचेचाळीस' हीच त्यांची नावं. फोनवर लिहिताना मध्ये बहुतेक जण फुली म्हणून तारका टाकतात. आणि मार्कडाउनमध्ये दोन तारकांच्या मधलं अक्षर तिरकं करायचं, तारका गिळून टाकायच्या. शिवाय नुसतं एंटर मारून केलेली नवी ओळ ही मूळ नियमात नवी ओळ नसतेच, मागच्या ओळीला जोडली जाते. म्हणजे नोंद वाकडी दिसली इतकंच झालं नाही. नोंद बदलली. ज्या वहीवर कंटेनर सुटायचा, तिनं पहिल्याच पानावर खताचं नाव पुसलं.

वहिनींनी अ‍ॅप बंद केलं. चिडल्या नाहीत, तक्रार केली नाही. 'आपल्याला जमायचं नाही ह्ये' एवढं म्हणून डायरी ओढली. इथं मला खरा राग आला, कारण न जमण्यासारखं त्यांच्याकडून काहीच झालेलं नव्हतं.

हे पुण्यात परत येऊन मी दोन-तीन मित्रांना सांगितलं, तर ठरलेली उत्तरं. एक म्हणाला, तारकेच्या आधी बॅकस्लॅश टाकायचा. (मराठी कीबोर्डवर बॅकस्लॅश शोधून दाखव, जेवण माझ्याकडून.) दुसरा म्हणाला, हा बग नाही, स्पेसिफिकेशनप्रमाणेच आहे. हे मात्र शंभर टक्के खरं! मार्कडाउनचा जो प्रमाण नियमग्रंथ आहे, कॉमनमार्क, त्यात ५*६*७८ असं लिहिलं तर मधला ६ तिरका व्हायला पाहिजे, असं उदाहरणच दिलंय.

पण तोच नियमग्रंथ जरा पुढं वाचा. तिरकं करायला तारकेऐवजी अंडरस्कोअरही चालतो. मात्र शब्दाच्या पोटात आलेल्या अंडरस्कोअरला हात लावायचा नाही, असा खास अपवाद आहे. का? कारण प्रोग्रामर लोक आपल्या व्हेरिएबलच्या नावांत मध्ये अंडरस्कोअर घालतात आणि २००४ मध्ये जॉन ग्रुबरनं मार्कडाउन आणल्यावर ती नावं अशीच वेडीवाकडी तिरकी व्हायला लागली. लोक वैतागले, बोंब झाली, नियम बदलला. प्रोग्रामरच्या व्हेरिएबलसाठी अपवाद झाला. खताच्या पोत्यासाठी झाला नाही, कारण खताचं पोतं असलेला माणूस तिथं बोंब मारायला नव्हता. यात कुणाचा दुष्टपणा नाही. पण मग 'यूजरनं थोडं शिकलं पाहिजे' हे आपण कुठल्या तोंडानं म्हणतो? प्रोग्रामर शिकला का? त्यानं नियम वाकवला.

आता शोध. वही फोनवर आणायची तर शोध हाच काय तो फायदा, नाहीतर कागद काय वाईट आहे? मराठीत 'ऊस' शोधला तर 'उसाला पाणी दिलं' सापडत नाही, कारण विभक्ती लागली की 'ऊ'चा 'उ' होतो. 'पाऊस' शोधा, 'पावसात' हुकतो. 'पाणी' शोधा, 'पाण्याची पाळी' हुकते. इंग्रजीतल्या अनेकवचनासाठी शेपूट छाटणारे स्टेमर कधीचे तयार आहेत. आपल्या सामान्यरूपांसाठी कुणी चार नियम लिहून अ‍ॅपमध्ये घातलेले मी तरी बघितले नाहीत.

हे तरी अवघड काम म्हणून सोडून देऊ. याहून लाजिरवाणा प्रकार ऐका. एसक्यूलाइट हा डेटाबेस जगभरच्या फोनांत आहे, त्याच्या एफटीएस५ या शोधयंत्रणेत शब्द तोडायचं काम 'युनिकोड६१' नावाचा टोकनायझर करतो. त्याची मूळ मांडणी अशी की अक्षरं आणि आकडे तेवढे शब्दाचा भाग, बाकी सगळ्या जागी शब्द तुटतो. युनिकोडच्या वर्गवारीत आपल्या काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार हे 'अक्षर' या वर्गात येत नाहीत, 'चिन्ह' या वर्गात येतात. परिणाम? 'पाणी' चं 'प' आणि 'ण' होतं. 'पुणे' चंही 'प' आणि 'ण'. मूळ मांडणी तशीच ठेवलेल्या अ‍ॅपमध्ये तुम्ही 'पाणी' शोधलंत तर 'पुणे' येतं. (पुण्यात पाण्याची जी बोंब असते ती बघता हा विनोद कुणी मुद्दाम केला असावा :)) उपाय टेबल बनवतानाच्या एका ओळीत आहे: चिन्हांचे दोन वर्ग शब्दाच्या यादीत वाढवायचे. तशी सोय एसक्यूलाइटनं दिलेली आहे. पण ती ओळ लिहायला कुणीतरी एकदा तरी मराठीत काहीतरी टंकून शोधायला पाहिजे ना!

आपण मराठी सॉफ्टवेअरवाले हजारोंनी आहोत. हिंजवडीपासून खराडीपर्यंत दिवसभर जगाचे टोकनायझर दुरुस्त करतो आणि वीकांताला थीम बनवतो.

बरं, दार उघडलं की काय होतं हे आपल्याला नव्यानं शिकायचंही नाही. आपणच ते पाहिलंय. जालावर मराठी लिहायचं म्हणजे एके काळी शिवाजी, शुषा, कृतिदेव असले फॉन्ट उतरवा, प्रत्येक वृत्तपत्राच्या संकेतस्थळासाठी वेगळा फॉन्ट चढवा, दुसऱ्याच्या संगणकावर गेलात की सगळी चौकटी-चौकटीची रांगोळी. मग युनिकोड आलं, आणि 'गमभन'सारख्या सोयीनं रोमन कळा बडवल्या की थेट देवनागरी उमटायला लागली. 'मनोगत'सारख्या संकेतस्थळांवर तर लिहायच्या चौकटीतच ही सोय. एवढ्या एका गोष्टीनं, ज्यांनी शाळेनंतर पानभर मराठी लिहिलं नव्हतं अशी माणसं लिहायला लागली. रूप त्या संकेतस्थळांचं काय होतं ते आठवा! अगदीच साधं. कुणी थीम मागितली नव्हती.

आणखी एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं. १९९८ मध्ये वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प झाला. गावोगाव संगणक-केंद्रं, शेतकऱ्याला जगभरची माहिती, मोठी स्वप्नं. पुढं मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे लोक बघायला गेले तेव्हा त्यांना दिसलं की त्या संगणकांवर मुख्यतः गाव आणि साखर कारखाना यांच्यातली साधी देवाणघेवाण चालते. किती ऊस गेला, खतं किती मिळाली, असलं. मग त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी फोनवरच्या एसएमएसनं तेच काम करून दाखवलं, 'वारणा अनवायर्ड' या नावानं. ज्याला संगणक विकायचे असतील त्याला हे अपयश वाटेल. मला त्यात शेतकऱ्यानं स्पष्ट दिलेलं उत्तर दिसतं: माझं काम एवढं आहे, एवढंच नीट करा.

'मग वहिनींना गूगल कीप दे की,' हे आलंच. देता येईल. उद्यापुरतं चांगलंच चालेल. पण एव्हरनोटचं काय झालं ते आपण पाहिलं. २००८ पासून लोकांनी आयुष्य त्यात ओतलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये फुकट खात्याला ५० नोंदी आणि एक वही अशी मर्यादा आली. एक द्राक्ष हंगाम ५० फवारण्यांत कधीच संपत... जाऊ द्या. आणि दुसरी गोष्ट मोठी आहे. बारामतीत शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे, ते चालवणाऱ्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या साथीनं उसावर एआयचा प्रयोग केला आणि २०२५ च्या सुरुवातीला खुद्द सत्या नाडेलांनी त्याचं जाहीर कौतुक केलं. उपग्रह, हवामान केंद्र, मातीतले सेन्सर, सगळं आलं. प्रयोग चांगलाच आहे. पण उपग्रहाला एक गोष्ट वरून दिसत नाही: शेतकऱ्यानं काय टाकलं, कधी टाकलं, का टाकलं. ते वहीत असतं. उद्या सगळ्यात मौल्यवान विदा हाच असणार आहे, आणि तो ज्याच्या फुकट अ‍ॅपमध्ये साठेल तो औषध विकणाराही असू शकतो. हा विदा शेतकऱ्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये, कुठल्याही कंपनीशिवाय उघडेल अशा साध्या मजकुरात राहावा, याला आज तरी मुक्तस्रोत वहीच उत्तर आहे. म्हणून मी तिच्यावर चिडतोय. दुसऱ्या अ‍ॅपवर चिडायला मला वेळ नाही.

सिंकचं तेच. जॉप्लिनमध्ये ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, नेक्स्टक्लाउड, वेबडॅव्ह, एसथ्री, सगळं आहे. मला ती यादी बघून आनंद होतो. मी स्वतः नेक्स्टक्लाउड चालवतो. पण वहिनींच्या वहीला धोका कुणापासून आहे? गुप्तहेरापासून नाही. फोन ब्लोअरच्या टाकीत पडण्यापासून आहे. त्यांना पाहिजे एक बटण: 'प्रत पाठव', की वहीची एक फाइल घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाईल. शुद्धतावादी मंडळींचे भुवया-उंचावलेले चेहरे मला दिसतायत. किल्ली हरवली की वही कायमची गेली, असं कूटबद्धीकरण चालू करून देणं हे त्या घरात सुरक्षिततेचं काम होणार नाही.

आता काय करावं? मी जिथं पोचलोय ते सांगतो. स्वागताचं पान काढून टाकायचं. पहिल्यांदा उघडल्यावर एकच प्रश्न: कशाची वही? द्राक्ष, डाळिंब, ऊस, दूध, दुकानाची उधारी, की कोरी. द्राक्ष म्हटलं की छाटणीची तारीख विचारायची, बस. कारण द्राक्षवाला तारखेत बोलतच नाही, तो 'बेचाळिसावा दिवस' म्हणतो. डाळिंबवाला पानगळीपासून मोजतो, ऊसवाला लागणीपासून. मग नवी नोंद उघडली की वर आपोआप 'छाटणीनंतर दिवस ४२', खाली औषध, प्रमाण, पाणी, कुणी मारलं, आणि पुडीचा फोटो. आत साठवायचं साध्या मजकुरातच. भाच्याला ते हवं तर इमॅक्समध्ये उघडू दे.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो: असं केलं तर ती नोंदवही राहणार नाही, शेतीचं अ‍ॅप होईल, सॉफ्टवेअर सर्वसाधारण असायला हवं. ठीक. मग आजच्या 'सर्वसाधारण' वहीत काय आहे ते बघा. टूडूच्या चौकटी. रोजच्या मीटिंगचं पान. कितीतरी संगणकभाषांचा कोड रंगवून दाखवायची सोय. नोंदींच्या जाळ्याचा तो ग्राफ, जो आपण एकदा बघून 'वा' म्हणतो आणि परत उघडत नाही. हे सर्वसाधारण नाही हो, हे प्रोग्रामरचं शेतीचं अ‍ॅप आहे! आपल्या बांधावरचं सगळं आपण आत घेतलं आणि त्याला सर्वसाधारण असं नाव दिलं. मी फक्त शेजारच्या बांधाला जागा मागतोय.

ही जागा द्यायला प्रकल्प चालवणाऱ्यांना शिव्या घालून उपयोग नाही. त्यातले बरेच जण बिनपगारी काम करतात, आणि लांब युरोपात बसलेल्या माणसाला ०*५२*३४ काय ते कळावं ही अपेक्षाच चुकीची. हे आपलं काम आहे, ज्यांचं एक पाऊल ऑफिसात आणि एक गावाकडं आहे त्यांचं. गावाकडं जाता तेव्हा घरातली वही मागून घ्या, दहा पानांचे फोटो काढा, आणि तसंच्या तसं आपल्या लाडक्या अ‍ॅपमध्ये टंकून बघा. काय काय मोडतं ते तिथंच कळेल.

तारकेची दुरुस्ती मी लिहिलीय. दोन्ही बाजूंना आकडा असेल तर त्या तारकेला हात लावायचा नाही, एवढीच. देवनागरी आणि रोमन दोन्ही आकड्यांवर चालते. शोधाची ती एक ओळही बदलून पाहिली, आता 'पाणी' शोधल्यावर 'पुणे' येत नाही. राहिलीत ती सामान्यरूपं. 'ऊस-उसाला', 'पाऊस-पावसाला', 'पाणी-पाण्याला' अशी यादी करतोय, दोनशेच्या आसपास शब्द झालेत, शेतीतलेच. ज्यांच्या घरी दूध किंवा केळीची वही असेल त्यांचे शब्द माझ्याकडे नाहीत, ते पाठवा. एप्रिल छाटणीच्या आत मला हे वहिनींच्या फोनवर चढवायचंय.